शिंगांचा वाडगा आणि अण्णांचा अंगठा

पहिला वाडगा मी मोठ्या दिमाखात स्वयंपाकघराच्या ओट्यावर नेऊन ठेवला. बायकोनं तो उचलला, काठावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "अहो, हे उंदरानं कुरतडलंय का?"

मी शांतपणे समजावून सांगितलं. शांतपणे म्हणजे माझ्या मानानं शांतपणे. लाकडाचा ओंडका उभा मधोमध चिरायचा. त्यातला अर्धा घ्यायचा, सालीची बाजू भांड्याच्या तोंडाकडे ठेवायची, खरादावर, म्हणजे लेथवर, फिरवत बाहेरून गोलाई द्यायची आणि आतून कोरत जायचं. अशानं भांड्याचं अंग गोल होतं, पण काठ झाडाचाच राहतो, सालीसकट. ओंडक्याची पाठ वाकलेली असते, म्हणून हा काठ दोन बाजूंना वर चढतो आणि दोन बाजूंना खाली उतरतो. तो सरळ कापून टाकला तर साधा वाडगा होतो, तसाच राखला तर कलावस्तू होते. जगभर लोक असे वाडगे करतात.

"उंदीरही जगभर असतात," ती म्हणाली आणि तिनं त्यात लसूण भरला. काठाच्या उतरत्या बाजूनं चार गड्डे घरंगळून फ्रिजखाली गेले. ते तिनं मला काढायला लावले.

आम्ही नांदेडला विष्णुपुरीकडे राहतो. इंजिनीअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये सुतारकाम शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. पहिल्या वर्षाची मुलं यायची, दोन लाकडांचा एक सांधा करायची, तो सांधा काही केल्या बसायचा नाही. मग ती भुसा आणि डिंक कालवून फट बुजवायची, आणि मी त्याला दहापैकी सात मार्क देऊन टाकायचो. अशी नोकरी निर्विघ्न पार पडली. निवृत्त झाल्यावर मी मागच्या अंगणात पत्र्याचं शेड घातलं, एक छोटा मोटरचा खराद आणला आणि मोबाइलवर बघून बघून या सालीच्या काठाच्या वाडग्यांच्या नादी लागलो. कॉलनीतल्या इतर निवृत्तांनी योगासनं धरली. त्यांचे गुडघे सुधारले आणि माझ्या घरात भुसा झाला.

हे वाडगे मी बायकोसाठी करत नव्हतो, हे तिलाही ठाऊक होतं. ते मी अण्णांसाठी करत होतो.

अण्णा म्हणजे माझे वडील. लातूरला माझ्या धाकट्या भावाकडे राहतात. वय शहाऐंशी. काचबिंदूनं दोन्ही डोळ्यांतला उजेड बराचसा नेलेला. समोर माणूस उभा आहे एवढं कळतं, कोणता ते आवाजावरून. उभी हयात त्यांनी कातारीकाम, म्हणजे खरादावरचं लाकूडकाम, केलं. लाटणी, रव्या, पाळण्याचे खूर, कुंकवाचे करंडे, आणि भाकरीचं पीठ मळायच्या मोठमोठ्या काठवटी. पायडल मारून चालवायचा त्यांचा खराद होता. लातूरच्या जुन्या घरांत अजून त्यांची काठवट सापडते, आणि ती सापडली की घरातली म्हातारी बाई ती कुणाला हात लावू देत नाही.

अण्णांच्या तोंडी एक शब्द आहे, "जमलं." तो ते फार जपून वापरतात असं मला लहानपणी वाटायचं. पुढे लक्षात आलं, की ते तो सगळ्यांना वापरतात. केस कापून झाले की न्हाव्याला म्हणतात, जमलं. एस्टीच्या ड्रायव्हरनं वळण नीट घेतलं की मागच्या सीटवरून म्हणतात, जमलं. भावानं भांड्यांचं दुकान टाकलं तेव्हा दाराची चौकट चाचपून म्हणाले, जमलं. एकदा शेजारच्या म्हशीलाही म्हणाले होते, रेडकू झाल्यावर. फक्त माझ्या हातच्या कामाला त्यांनी हा शब्द कधी लावला नाही. मी एकसष्ट वर्षांचा आहे, मला नातू आहे, पेन्शन आहे, आणि मला तो शब्द हवा होता. यात लाजण्यासारखं काही असेल तर मी लाजायला तयार आहे, पण तो मला हवा होता.

म्हणून दर महिन्या-दोन महिन्यांनी मी एक वाडगा कापडी पिशवीत घालायचा, पिशवी मांडीवर घ्यायची आणि नांदेड-लातूर गाडीत बसायचं.

पहिल्या खेपेला अण्णा ओसरीवरच्या खाटेवर बसले होते. नुकतंच कपाळाला भस्म लावलेलं. मी वाडगा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो आधी उलटाच केला. वाडग्याचं तोंड बघायच्या आधी बूड बघायचं, ही त्यांची रीत. तळाची बैठक त्यांनी चिमटीत धरून पाहिली.

"ह्ये काय करून आणलास, मास्तर?" मला नोकरी लागल्यापासून ते मला मास्तर म्हणतात. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती हे मला अजून उमगलेलं नाही.

"वाडगा, अण्णा."

"बसलाय की ह्यो. पार मांडी घालून बसलाय. उठायचं नाव न्हाई." त्यांनी वाडगा सरळ करून फरशीवर ठेवला. "बैठक लई मोठी झाली. भांडं कसं पायजे, आत्ता उठून उभं राहतंय का काय, आसं वाटाया पायजे. अन् काठाला काय झालं?"

मी पुन्हा सगळं समजावलं. झाड, साल, जगभरचे लोक. अण्णांनी ऐकून घेतलं. सालीवरून हात फिरवला. मला वाटलं, आता काठ कापून आण म्हणतील. पण ते म्हणाले, "आसू दे. झाडाचं झाडापाशी. तुझं जे हाय ते तर नीट कर." आणि मग त्यांचा अंगठा काठापासून खाली सरकत सरकत तीन बोटांवर येऊन थांबला. "इथं वळण मोडलंय."

मी बघितलं. मला काही मोडलेलं दिसलं नाही. भावाच्या बायकोनं बघितलं, तिलाही नाही. आंधळा माणूस सांगत होता आणि डोळस माणसं शोधत होती.

दुसऱ्या वाडग्याची बैठक मी लहान केली. तळ वाडग्याच्या तोंडाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढा. खरोखरच तो उठल्यासारखा दिसायला लागला, हे मला कबूल करावं लागलं. याही वेळी पिशवी मांडीवर होती. लोह्याला एक शेतकरी शेजारी येऊन बसला. मूळचा जळकोटकडचा, लेकीला भेटून लातूरकडे निघाला होता. जरा वेळानं त्यानं पिशवीत डोकावून बघितलं आणि विचारलं, "पाव्हणं, काय हाय वो?"

मला दाखवायचंच होतं. मी वाडगा काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तो हात लांब करून डोळ्यांसमोर धरला, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "डावं शिंग पडलंय."

"शिंग?"

"ही दोन वर गेल्यात ती. ह्ये बगा, उजवं वर, डावं खाली. बैलाची जोडी बगताना आमी पयलं शिंगच बगतो. आसला बैल मी फुकट दिला तरी न्हेत न्हाई."

मी त्याला म्हणालो, की ही कला आहे, हिच्यात असं बघत नसतात.

"आसल," तो म्हणाला. पण वाडगा त्यानं परत दिला नाही. अहमदपूर गेलं, चाकूर आलं, तो आपला वाडगा गुडघ्यावर ठेवून कधी इकडे कलता कर, कधी तिकडे कलता कर. शेवटी त्याखाली स्वतःच्या टोपीची घडी सरकवून त्यानं दोन्ही टोकं सारखी केली आणि मला दाखवलं. "आता बगा. आता कसा खोंड दिसतोय." झालं होतं असं, की ओंडका खरादावर चढवतानाच मी तो किंचित तिरपा बसवला होता. तेव्हाच जरा उचलला असता तर दोन्ही टोकं एका उंचीला आली असती. सुरुवातीलाच झालेली चूक, पुढे कितीही घासली तरी जाणारी नव्हती. हे मला एका बैलवाल्यानं शिकवलं, आणि वर त्याला मी चहाही पाजला नाही याचं आज वाईट वाटतं.

लातूरला अण्णांनी दोन्ही तळहात दोन टोकांवर टेकवले आणि म्हणाले, "एक शिंग पडलंय."

मी इतका चिडलो की पाणीसुद्धा प्यायलो नाही. त्यांचा अंगठा तोवर तीन बोटांवर पोचला होता. "अन् इथं वळण मोडलंय."

असं दोन वर्षं चाललं. शिंगं जुळली. मग भिंतीची जाडी आली. अण्णा अंगठा आत आणि मधलं बोट बाहेर असं धरून काठापासून बुडापर्यंत यायचे आणि वाटेत थांबून सांगायचे, इथं जाड, इथं पातळ. ते मी सुधारलं. मग म्हणाले, वाडगा हातात घेतल्यावर दिसतो त्याच्यापेक्षा जड लागतोय, फसवतोय माणसाला. तेही सुधारलं. एका वाडग्याची साल बोट लागताच सुटून त्यांच्या मांडीवर पडली, तेव्हा ते बराच वेळ हसत होते. पण या सगळ्यात एक गोष्ट कधीच बदलली नाही. बाभूळ असो, बोर असो, चिंच असो, अंगठा काठाखाली तीन बोटांवर यायचा आणि थांबायचा.

"अण्णा, मी कॅलिपर लावून आणलाय," मी एकदा आवाज चढवून म्हणालो.

"तुझा कॅलिपर जाडी सांगतो. वळण सांगत न्हाई."

हे खरंच होतं, आणि त्यामुळे जास्तच राग आला. नांदेडला आल्याआल्या मी स्टीलची पट्टी घेतली आणि वाडग्याच्या बाहेरच्या अंगावर उभी टेकवली. गोलाई नीट असेल तर सरळ पट्टी तिच्यावर एकाच ठिकाणी टेकते आणि पाळण्यासारखी डुलते. सगळीकडे डुलली. तीन बोटांवर आली आणि बसली. चिंचोक्याएवढी सपाट जागा होती तिथं. चिंचोक्याएवढी!

त्या चिंचोक्यानं माझं खाणंपिणं गोड लागू दिलं नाही. मी हत्याराला नवी धार लावली. हत्यार टेकवायचा दांडा वर घेतला, खाली घेतला. चष्मा बदलला. लाइट कमी-जास्त होते म्हणून वीजवाल्यांना बोल लावला. लाकडाला बोल लावला. बायको म्हणाली, "इतकं बारकाईनं कॉलेजात बघितलं असतं तर एकही मुलगा पास झाला नसता." मी पुन्हा शेडमध्ये गेलो.

अशात अर्धापूरकडे एका वादळात जुना शिरीष आडवा झाला. तो नेमका एकाच्या केळीच्या बागेवर पडला. मालक झाडाला इतक्या शिव्या देत होता की मी ओंडका मागताच त्यानं तो स्वतः गाडीत टाकून दिला आणि म्हणाला, "न्या, याला करवतीनं लई तरास द्या." त्या शिरीषाचा मी वाडगा केला. आतलं लाकूड काळपट तपकिरी, काठाला पांढरट पट्टा, त्यावर साल. दोन्ही शिंगं सारखी. बैठक लहान. हातात घेतला की जड नाही, हलका नाही. पट्टी टेकवली. वरून खालपर्यंत डुलत गेली, तीन बोटांवरही डुलली. मी शेडमध्ये एकटाच होतो. मोठ्यानं म्हणालो, "जमलं!" पण स्वतःला म्हणण्यात काही मजा नाही.

हा वाडगा नुसता अण्णांच्या हातात द्यायचा नाही, असं मी ठरवलं. लातूरला एका सभागृहात हस्तकलेचं प्रदर्शन भरणार होतं, त्यात लाकूडकामाची स्पर्धा होती. नियम कडक होता. वस्तूवर फक्त क्रमांक, नाव कुठेही नाही, म्हणजे परीक्षकाला वशिला कळायला नको. माझा बेत असा, की बक्षीस घ्यायचं, ते प्रशस्तिपत्र वाडग्यात ठेवायचं आणि दोन्ही अण्णांच्या मांडीवर ठेवायचं. मग बघू अंगठा कुठं थांबतो ते.

भाऊ त्याच आठवड्यात लग्नासाठी नांदेडला आला होता. परत जाताना त्याच्या गाडीत जागा होती. मी वाडगा जुन्या ब्लँकेटात गुंडाळला, खोक्यात घातला आणि त्याच्या हवाली केला. "जपून ने. प्रदर्शनाच्या लोकांकडे नेऊन दे. बाकी काही करू नकोस."

बाकी काही करू नकोस, हे मी स्पष्ट बोललो होतो. पुढे यावरून आमचं जे भांडण झालं त्यात हा मुद्दा मी सतरा वेळा मांडला.

प्रदर्शनाच्या दिवशी मी सकाळच्या गाडीनं लातूरला पोचलो. सभागृहात मधल्या टेबलावर स्पर्धेच्या वस्तू मांडलेल्या. माझा वाडगा तिथं नव्हता. तो कोपऱ्यातल्या एका लहान टेबलावर होता आणि त्याच्यापुढे चिठ्ठी होती, "नाव असल्यामुळे स्पर्धेबाहेर."

मी जवळ गेलो. वाडग्याच्या बाहेरच्या अंगावर, जिथं काठ खाली उतरतो त्याच्या बरोबर खाली, ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत अण्णांचं संपूर्ण नाव कोरलं होतं. पुढे "कातारी", त्यापुढे "लातूर". दोन्ही टोकांना एकेक फूल.

आमच्याकडे घरात नवं भांडं आलं की त्याच्यावर नाव घालतात. लग्नकार्यात, पंगतीत भांडी एकमेकांत मिसळतात. नाव असलं की आपलं आपल्याकडे येतं. भावाच्या दुकानाच्या पायरीवर ते नाव घालायचं मशीन घेऊन एक माणूस बसलेलाच असतो. तांब्या असो, परात असो, गिऱ्हाईक निघायच्या आत मशीन टरटरतं. भावाच्या हातून आयुष्यात एकही भांडं बिनानावाचं बाहेर गेलेलं नाही.

"दादा, आरं इतक्या लोकांत जायचं भांडं," भाऊ मला सभागृहाच्या दारात सांगत होता, "बदलाबदली झाली म्हंजे? अन् त्येच्यावर नाव न्हवतं. मला वाटलं, तू इसरलास."

"मी विसरलो? विसरलो मी? आणि नाव घातलंस ते घातलंस, अण्णांचं कशाला?"

"आपल्या घरातल्या समद्या भांड्यावर अण्णाचंच हाय की." त्याला खरोखरच माझा प्रश्न कळला नव्हता. "मशीनवाला म्हणला, लाकूड हाय, स्टीलपरीस सोपं जातंय. फुलाचं त्येनं मनानंच घातलं."

मी त्याला काय काय बोललो ते लिहीत नाही. लोक वळून बघत होते. एका आयोजकानं येऊन अतिशय नम्रपणे नियम वाचून दाखवला, तर मी त्यालाही बोललो. मग पायरीवर जाऊन बसलो. दोन वर्षं जे वळण घडवायला खपलो, त्या वळणावर त्या माणसानं मशीन फिरवलं होतं. मला रडू येत होतं, आणि भाऊ शेजारी बसून मला शेंगदाणे देत होता.

आत मात्र वेगळंच चाललं होतं. स्पर्धेच्या वस्तूंपुढे लोक क्षणभर थांबायचे आणि पुढे जायचे; कुणाची काय ते कळत नव्हतं. कोपऱ्यातल्या टेबलापुढे गर्दी. कारण तिथं नाव होतं. वयस्क माणसं चष्मा वर करून ते मोठ्यानं वाचायची. "आरं, ह्ये तर आपल्या कातारी अण्णाचं!" "म्हातारा अजून काम करतोय?" "डोळं गेलं म्हणत होते की!" "डोळं गेलं तरी हात बगा." एका बाईनं तर सांगितलं, तिच्या सासूची काठवट याच हातची, अजून तिच्यातच पीठ मळते. बाईनं वाडग्याला हात लावून नमस्कार केला. मी मागे उभा राहून हे सगळं ऐकत होतो, आणि मला कुणी विचारत नव्हतं.

दुपारी मी वाडगा घेऊन घरी पोचलो, पण बातमी माझ्या आधी पोचली होती. दोघं-तिघं परस्पर घरी जाऊन अण्णांचं अभिनंदन करून आले होते. अण्णा खाटेवर ताठ बसले होते, गोंधळलेले आणि थोडे खूशही.

"मास्तर, मी कायतरी केलंय म्हणे," ते म्हणाले. "लई चांगलं झालंय म्हणत होते लोक. आण बघू, बघतो तरी."

मी वाडगा त्यांच्या हातात दिला. भाऊ आणि त्याची बायको दारात येऊन उभे राहिले.

अण्णांनी तो उलटा केला. बैठक चिमटीत धरली. सरळ केला, दोन्ही तळहात शिंगांवर ठेवले. अंगठा आत, बोट बाहेर, भिंतीवरून खाली गेले, पुन्हा वर आले. बोटांना ठिपके लागले तेव्हा थांबले. "ह्ये काय?"

"तुमचं नाव," भाऊ म्हणाला. "मी घातलं."

अण्णांनी मान हलवली. मग अंगठा काठाखाली आला. एक बोट, दोन बोटं, तीन बोटं. अक्षरांच्या वर थोडी जागा मोकळी होती, तिथं तो अंगठा थांबला. पुढे गेला. मागे आला. पुन्हा थांबला.

"व्हय," अण्णा म्हणाले. "माझंच हाय."

"अण्णा, तो मी केलाय," मी म्हणालो. "मी. पट्टी लावून बघितलंय तिथं. डुलते पट्टी."

"तू केलास. मला कळत न्हाई व्हय?" त्यांनी माझा हात ओढला, माझा अंगठा स्वतःच्या अंगठ्याच्या जागी दाबला. "ह्ये इथलं. एवढं इथलं माझं हाय."

मला काही लागलं नाही. मग डोळे मिटले, तेव्हा अगदी पुसट, पाण्यावरून हात फिरवताना मध्येच पाणी थांबावं तसं काहीतरी लागलं.

"उभा जलम ह्ये माझ्या कामात होतं," अण्णा म्हणाले. "उजवा पाय पायडलवर. सगळं वजन डाव्या पायावर. हात वळणावरनं जायला लागला की अंगबी त्येच्यासंगं जाया पायजे. पाय आडकलेला, अंग कसं जाईल? अंग थांबायचं, हात एकटाच पुढं जायचा. तिथं मोडायचं. लोकांना कळत न्हवतं. तुझ्या आईला कळायचं. काठवटीत पीठ मळून झालं की ती बाहेरनं बरोबर तिथंच बोट ठेवायची अन् हसायची."

"मग मला सांगायचं ना, अण्णा! दोन वर्षं मी इथं आणून आणून..."

"काय सांगू? तुला मोटर हाय. पायडल न्हाई, पाय मोकळा. मला वाटलं, तुझं आपसूक जाईल. दर खेपेला बघत होतो, गेलं का म्हणून."

मी तिथंच, ओसरीवर, काल्पनिक खरादापुढे उभा राहिलो. नेहमी उभा राहतो तसा. आणि खाली बघितलं. उजवा पाय जरा पुढे, टाच उचललेली, नसलेल्या पायडलवर. सगळं वजन डाव्या पायावर. लहानपणी अण्णांच्या मागे उभं राहून मी बघत होतो तेव्हापासून मी असाच उभा आहे. कॉलेजात तीस वर्षं मुलांना सांगितलं, असं उभं राहा. ती मुलं आता कुठेकुठे पूल बांधतायत, देव त्यांना सांभाळो.

भाऊ फिसकन हसला. त्याच्या बायकोनं त्याला चिमटा काढला.

अण्णा खाटेवरून उठले. काठी न घेता आले, आवाजाच्या रोखानं. आधी त्यांचा पाय माझ्या डाव्या पायाला लागला, माझा तो पाय त्यांनी हळूच बाजूला सारला, वजन दोन्ही पायांवर यावं म्हणून. मग माझ्या मागे उभे राहून त्यांनी दोन्ही हातांनी माझी कंबर धरली. शहाऐंशीच्या माणसाच्या मानानं ती पकड फारच घट्ट होती.

"हात इसर," ते म्हणाले. "अंग ने. डावीकडनं उजवीकडं. आसं. घागरीत पाणी भरून चालल्यासारखं."

मी हवेत हत्यार धरून डोललो. डावीकडून उजवीकडे. पुन्हा डावीकडून उजवीकडे. गल्लीतून जाणारी दोन माणसं थांबून बघायला लागली. मला त्यांची लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. वाडगा खाटेवर पडला होता आणि त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"जमलं का, अण्णा?" मी विचारलं.

"न्हाई," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी कंबर सोडली नाही.